आईचा हातगुण

नोएडात माणसांच्या आधी रस्ते राहायला आले. आम्ही सरकारी क्वार्टर सोडून तिथल्या सोसायटीच्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा सेक्टरांना नंबर मिळाले होते, चौकांना गोल बागा मिळाल्या होत्या, दुभाजकांत बोगनवेलसुद्धा लावून झाली होती. नव्हती ती फक्त वर्दळ. दूध आणायचं तरी बाबांना स्कूटर काढावी लागे. आईला तो उजाडपणा खायला उठायचा. "दिल्लीत होतो तेच बरं होतं," ती म्हणायची, जणू आम्ही परमुलखात येऊन पडलोय. ओलांडली होती ती फक्त यमुना. दादाला मात्र त्या रस्त्यांनी वेड लावलं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शाळेत जायला म्हणून त्याला सायकल घेऊन दिली होती, पण शाळा ही त्याच्यासाठी त्या रस्त्यांवर जाण्याची सबब झाली. इतके रुंद, इतके सरळ आणि इतके रिकामे रस्ते दिल्लीत कुणी पाहिले नव्हते. तो पहाटे निघायचा आणि घामाने निथळत परत यायचा. मग कुणीतरी त्याला दिल्लीच्या एका क्लबमध्ये नेलं, तिथे शर्यतीची वाकड्या हँडलची सायकल मिळाली, आणि घरातलं सगळं वेळापत्रक त्या सायकलीभोवती फिरू लागलं.

सायकलवाल्याचा खरा वैरी चढ नव्हे, वारा. हे मला बाबांनी शिकवलं. बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, खेळाशी त्यांचा संबंध रेडिओवरच्या क्रिकेटपुरता. पण दादाच्या प्रशिक्षकाने सांगितलं की पुढे एखादं वाहन ठेवून त्याच्या आडोशाने मुलाला पळवा, पायांना वेगाची सवय होते. झालं. दर रविवारी उजाडता उजाडता बाबा स्कूटर काढायचे, मी मागे बसायची, आणि दादा आमच्या मागच्या चाकाला जवळजवळ चिकटून यायचा. माझं काम मागे बघण्याचं. तो मागे पडला की मी बाबांच्या पाठीवर थाप मारायची, जवळ आला की दोन थापा. एवढंच आमचं शास्त्र.

मला आजही त्या सकाळी हव्या आहेत. हे मी उगाच गोड करून सांगत नाही. थंडीत नाक बधिर व्हायचं, मान वळवून वळवून दुखायची, आणि परत आल्यावर अभ्यास न झाल्याबद्दल बोलणी मीच खायची. तरी हव्या आहेत. बाबांची स्वेटर घातलेली रुंद पाठ, मागे लालबुंद झालेला दादाचा चेहरा, दोन्हीकडे मोहरीची उरलीसुरली शेतं आणि त्यांत रोवलेल्या बिल्डरांच्या पाट्या. तीन माणसं आणि एक रस्ता. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं, कारण विचारण्यासारखं काही नव्हतंच.

आणि घरी परतल्यावर काढ्याचा वास.

आईचा काढा आमच्या अख्ख्या सोसायटीत प्रसिद्ध होता. अडुळसा, ज्येष्ठमध, बेहडा, सुंठ, मिरी, पिंपळी आणि वर खडीसाखर. सगळं जुन्या दिल्लीतल्या खारी बावली बाजारातल्या एका ठरलेल्या दुकानातून यायचं, तेही तिने स्वतः हुंगून घेतलेलं. मध चालत नसे, कारण आम्ही जैन. सांगलीकडचे. दिल्लीत जैन म्हटलं की लोक विचारायचे, अच्छा, मारवाडी का? बाबा म्हणायचे, नाही हो, शेतकरी. पुढच्याला काही कळायचं नाही आणि बाबांना त्याची मजा वाटायची. समोरच्या दारातल्या पंजाबी आंटी आईकडून काढा न्यायच्या, घरी जाऊन त्यात बेलाशक मध घालायच्या आणि आईला सांगायच्या, "भाभीजी, आपके हाथ में जादू है।" आई लाजायची. जादू वगैरे ती मानत नव्हती, पण आपल्याला हातगुण आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या आईला होता, तिला आला. एकच औषध दोघींनी दिलं तर एकीच्या हातचं लागू पडतं आणि दुसरीच्या हातचं नाही, यात तिला नवल वाटत नसे. दिल्लीत ना तिचं नात्यागोत्याचं कुणी, ना भाषेचं. हिंदीत ती शेवटपर्यंत पुल्लिंगी-स्त्रीलिंगीचा गोंधळ घालायची. पण कुणाच्या पोराला खोकला झाला की तिच्या दाराची बेल वाजायची, आणि त्या बेलमुळे ती तिथली झाली होती.

मग दिल्लीच्या पलीकडे मानेसरला कारखाने आले. त्यांतल्या गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या मालकाला सायकलचा नाद. त्याने चक्क पगारी संघ काढला. तोवर आपल्याकडे सायकलपटू म्हणजे रेल्वेत किंवा सैन्यात नोकरी आणि सोबत शर्यत. हा संघ मात्र फक्त शर्यतीसाठी. परदेशी सायकली, अंगावर कंपनीचं नाव छापलेले घट्ट कपडे, राहायला कारखान्यामागची इमारत. दादाची निवड झाली त्या दिवशी बाबांनी ऑफिसात पेढे वाटले. माझा भाऊ सायकल चालवण्याची नोकरी करतो, हे कॉलेजात सांगताना मला स्वतःलाच गंमत वाटायची. नवे दिवस होते. कुणाचा चुलतभाऊ रात्रभर अमेरिकेतल्या लोकांशी फोनवर बोलण्याची नोकरी करत होता, मग सायकलीची का नको?

सुट्टीवर आला की दादा पूर्वीसारखाच स्कूटरमागे यायचा. फक्त आता मला बाबांच्या पाठीवर एक थाप मारायची वेळच येत नसे. बाबा स्कूटर पळवत राहायचे आणि हा मागे हलायचा नाही. एकदा नव्या एक्स्प्रेसवेवर बाबांनी स्कूटर होती नव्हती तेवढी पळवली आणि मागे वळून पाहिलं. दादा तिथेच होता. बाबा इतके हसले की स्कूटर डुगडुगली. घरी येऊन आईला म्हणाले, आपल्या पोराचे पाय लोखंडाचे आहेत. आईने काढा पुढे केला. त्याला तेव्हा खोकला होता.

त्यानंतर काही आठवड्यांनीच फोन आला. एका मोठ्या शर्यतीनंतर घेतलेल्या लघवीच्या तपासणीत दादा उत्तेजक घेतल्याबद्दल दोषी ठरला होता. हिंदी पेपरात कोपऱ्यात छोटीशी बातमी आली, नावासकट. तीत त्याचा खुलासाही होता. खोकल्यावर घरी केलेलं आयुर्वेदिक औषध घेतलं होतं, त्यात कुणी काय मिसळलं असेल ते मला माहीत नाही, असं तो म्हणाला होता. चौकशीसमोरही त्याने हेच सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि दोन वर्षांची बंदी घातली. कंपनीने संघच मोडला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काढा मीही प्यायले होते. सगळा सेक्टर प्यायला होता. त्या हिशोबाने समोरच्या आंटींनी निदान आशियाई पदक तरी आणायला हवं होतं. खाई त्याला खवखवे, आणि दादाला खवखवत होतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. तो जेवताना ताटातून नजर वर करत नव्हता. पण आईला ते दिसलं नाही. आईने ती बातमी वाचली, पुन्हा वाचली, आणि उरलेल्या सगळ्या पुड्या पिशवीत भरून चार्टर्ड बसने दिल्ली गाठून खारी बावलीला गेली. दुकानदाराने देवाची शपथ घेतली. त्याच्या वडिलांच्या काळापासून कधी भेसळ झालेली नाही, म्हणाला. आई परत आली आणि डबे, पुड्या, गाळणी, काढ्याचं पितळी पातेलं, सगळं गच्चीवर नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचा कुणी काढा मागायला आला तर दारातूनच म्हणाली, "अब नहीं बनाती मैं।" पुढेही कुणी ना कुणी बेल वाजवत राहिलं, आणि ती तेच म्हणत राहिली.

मी तिला काही बोलू जाणार, तर बाबांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की घरात या विषयावर एक अक्षर नको. पोर आधीच मोडलंय. क्षमावाणी जवळ आली आहे, तेव्हा सगळं आपोआप मिटेल.

क्षमावाणी म्हणजे काय ते सांगायला हवं. भाद्रपदात आमचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व असतं, उपास, पूजा, सूर्यास्ताआधी जेवण. ते संपलं की एक दिवस फक्त क्षमा मागण्याचा. घरातल्यांनी एकमेकांची, मग शेजाऱ्यांची, ओळखीच्यांची. वर्षभरात जाणता-अजाणता मनाने, बोलण्याने, हातून काही दुखावलं असेल तर क्षमा करा, असं हात जोडून म्हणायचं. समोरच्याने 'उत्तम क्षमा' म्हणायचं आणि उलट आपलीही मागायची. लहानांनी मोठ्यांची मागायचीच, पण मोठ्यांनीही लहानांची. मला लहानपणी सगळ्यात आवडायचं ते हेच. बाबांसारखा बाबा माझ्यासमोर हात जोडून उभा राहायचा. आणि कुणी कुणाला कारण विचारायचं नाही. मागणाऱ्याने सांगायचं नाही, देणाऱ्याने विचारायचं नाही. त्यातच त्या दिवसाचा मोठेपणा आहे असं बाबा सांगायचे, आणि मलाही तसंच वाटत आलं होतं.

त्या वर्षी दादाने बाबांसमोर हात जोडले. तेच वाक्य, दरवर्षीच्याच सुरात. बाबांनी जरा घाईनेच 'उत्तम क्षमा' म्हटलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "चलो, संपलं. आता पुढचं बघायचं." मग दादा आईकडे वळला. पण तो बोलायच्या आधीच आईने हात जोडले होते.

"बाळा, माझ्या हातून तुझं वाटोळं झालं," आई म्हणाली. "मला क्षमा कर."

मी दादाकडे पाहत होते. आता बोलेल. आता तरी बोलेल. त्याचा चेहरा त्या रविवारच्या सकाळी व्हायचा तसा लालबुंद झाला होता. तो म्हणाला, "उत्तम क्षमा."

आणि आईला रडू आलं, सुटल्यासारखं. तिला वाटलं, पोराने आपल्याला माफ केलं.

पुढची वर्षं कशी गेली ते थोडक्यात सांगते, कारण त्यांत काही घडलं नाही आणि तेच त्यांचं दुखणं होतं. बंदी उठली, पण दादा पुन्हा शर्यतीत उतरला नाही. गुरुग्रामला परदेशी सायकली विकणारं एक दुकान निघालं होतं. टॉवरांमधले साहेब लोक शनिवार-रविवारी हेल्मेट घालून अरवलीच्या बाजूला जायचे, त्यांना कोणती सायकल बसेल हे सांगण्याची नोकरी त्याला मिळाली. तिकडेच खोली घेऊन राहिला. नोएडाला यायचा तो सणावारी आणि क्षमावाणीला. तेच वाक्य म्हणायचा आणि जेवण वाढायच्या आत निघायचा. आईला तेवढ्याचंही कौतुक. तिला स्वतःला खोकला झाला तरी ती औषधाच्या बाटलीवरचं सगळं बारीक छापील भिंगाने वाचायची आणि बाजूला ठेवून द्यायची. माझं लग्न झालं, मुलगी झाली. मुलीला पहिल्यांदा खोकला झाला तेव्हा मी आईला म्हटलं, कर ना गं थोडा काढा. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा ते नाव काढलं नाही. "माझा हातगुण गेला," एवढंच म्हणाली.

एका हिवाळ्यात तिचं हृदय थांबलं. दादा तीन दिवस आमच्याकडे होता.

त्याच सुमारास परदेशातले सायकलपटू एकामागून एक टीव्हीवर येऊन कबुली देऊ लागले. वर्षानुवर्षं ज्यांनी शपथेवर नाकारलं होतं, दुसऱ्यांना खोटं पाडलं होतं, ते आता गुबगुबीत खुर्चीत बसून हो म्हणत होते. मला त्याचा नादच लागला. मी त्या सगळ्या मुलाखती शोधून शोधून पाहायचे. नवरा विचारायचा, तुला सायकलीतलं काय कळतं? सायकलीतलं नव्हेच. मी त्यांचे चेहरे बघायचे. हा खरंच पस्तावलाय, की सापडला याचं दुःख करतोय? कुणी रडायचा, पण रडणं मला पुरायचं नाही. पकडलं गेल्यावर रडू कुणालाही येतं. कुणी म्हणायचा, तेव्हा सगळेच घेत होते. हे म्हणजे पाण्यात सगळेच ओले, मग माझ्याच ओल्या कपड्यांकडे का बघता. कुणी चाहत्यांची क्षमा मागायचा, खेळाची, देशाची. मी वाट बघत बसायचे की हा एका तरी माणसाचं नाव घेईल. ज्या मालिशवालीला खोटारडी ठरवलं तिचं, ज्या जोडीदाराला संघाबाहेर घालवलं त्याचं. फार क्वचित घ्यायचे. सगळ्यांची क्षमा मागणं सोपं असतं, हे आमच्या घराला कुणी वेगळं शिकवायला नको होतं.

आणि खरं सांगायचं तर त्या प्रत्येक चेहऱ्यात मी दादाला शोधत होते. तो मला परत हवा होता, स्कूटरमागचा. त्याने एकदा तोंड उघडलं असतं तर मी भांडले असते, चार महिने अबोला धरला असता आणि मग तो मला परत मिळाला असता. माझा राग तसाच आहे, भसकन येतो आणि जातो. पण जे बोललंच जात नाही त्याच्यावरचा राग जाणार कुठे?

एकदा बाबांकडे आम्ही तिघंही होतो. बाबांचं वय झालं होतं, स्कूटर केव्हाच विकली होती. टीव्हीवर असाच एकजण कबुली देत होता. चुका झाल्या, म्हणत होता. मी रिमोट शोधला, पण तो बाबांच्या मांडीखाली होता. बाबा नीट ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "याला काही पश्चात्ताप नाही. चुका झाल्या, म्हणतो. पाऊस झाला म्हणावं तसं. केल्या कुणी?"

दादा उठला, उशीर होतोय म्हणाला आणि मेट्रो गाठायला निघून गेला. मी बाबांकडे पाहिलं. ते अजून टीव्हीकडेच बघत होते, पण त्यांना काही दिसत नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते की बाबांनी विषय संपवला. त्यांनी फक्त त्याच्यापुढे स्कूटर घातली होती, वारा लागू नये म्हणून. आणि त्या वाऱ्यावाचून पोरगं आतल्या आत गुदमरलं होतं.

पुढची क्षमावाणी आली. दादा आला, हातपाय धुतले, बाबांच्या खुर्चीसमोर उभा राहिला आणि हात जोडून ते वाक्य म्हणाला. मी स्वयंपाकघराच्या दारात पुऱ्यांची परात घेऊन उभी होते. बाबांनी 'उत्तम क्षमा' म्हटलं नाही. त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं,

"कशाबद्दल?"

असं कुणी विचारत नाही. आमच्या सात पिढ्यांत कुणी विचारलं नसेल. दादाने हात खाली घेतले, पुन्हा जोडले. मला वाटलं, हा आता निघून जाणार. पण तो खाली जमिनीवरच बसला, बाबांच्या पायांशी, आणि बोलू लागला. अडखळत, मध्येच हिंदीत घुसत. मानेसरच्या त्या खोलीत पहिली सुई कशी टोचली, विटामिन म्हणून सांगितलं होतं पण आपल्याला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. एक्स्प्रेसवेवर बाबा मागे वळून हसले, तेव्हाच वाटलं होतं की सांगून टाकावं. आणि मग काढ्याचं का सांगितलं, तर त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही, आणि एकदा तोंडातून गेलं ते गेलं.

"पण ते नाही, बाबा," तो म्हणाला. "सायकल गेली, ते ठीक आहे, ते जायलाच पाहिजे होतं. आईने माझी क्षमा मागितली. आणि मी दिली. मी तिला क्षमा केली, बाबा."

एवढं बोलून तो रडला नाही. टीव्हीवरचे रडतात. हा नुसता बसून राहिला, ओझं उतरवल्यावर हमाल बसतो तसा.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "माझ्याशी खोटं बोललास, त्याची क्षमा आहे. माझ्याकडे आहे तेवढी सगळी आहे. मीही कधी विचारलं नाही, त्याची तू मला कर." मग म्हणाले, "तिची मी कशी देऊ? ती माझ्याकडे नाही."

दादाने मान हलवली. त्याला ते कळलं. मलाही कळलं, आणि हातातली परात मी कुठे ठेवली ते आठवत नाही. एवढं आठवतं की मला आईचा भयंकर राग आला, ती निघून गेली म्हणून. इतकी काय घाई होती?

थोड्या वेळाने दादाच उठला. क्षमावाणीला शेजाऱ्यांकडे जायची रीत आहेच. आईच्या माघारी ती मोडली होती. तो म्हणाला की आईचा काढा जे प्यायचे त्यांना तरी सांगायला पाहिजे, त्यात काही नव्हतं म्हणून. मी त्याच्याबरोबर निघाले. सोसायटीत आता जुनी घरं थोडीच उरली होती. बाकीच्यांत भाडेकरू, कंपन्यांतली तरुण जोडपी, ज्यांनी आईला पाहिलंही नव्हतं. वरच्या मजल्यावरच्यांनी ऐकून घेतलं, गोंधळले, मिठाई पुढे केली. शेवटी समोरचं दार. आंटी आता वाकल्या होत्या, कानाला यंत्र होतं. दादाला त्यांनी लगेच ओळखलं.

त्याने हात जोडून हिंदीत सांगितलं, मोठ्याने, कारण त्यांना ऐकू कमी येत होतं. पूर्ण जिन्याला ऐकू गेलं असेल. की माझ्या आईच्या काढ्यात कधीच काही वाईट नव्हतं, मी इंजेक्शन घेत होतो आणि नाव तिच्या औषधाचं घेतलं.

आंटींनी त्याचे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले.

"वो तो हम सबको पता था, बेटा," त्या म्हणाल्या. "बस तेरी माँ को नहीं पता था।"

दादा तिथेच पायरीवर बसला. आंटी पाणी आणायला आत गेल्या. म्हणजे इतकी वर्षं लोक बेल वाजवत राहिले होते ते सगळं माहीत असून, तिच्या हातचंच हवं म्हणून. आणि ती दारातूनच नाही म्हणत राहिली होती. मी दादाशेजारी बसले. मला आई हवी होती, फार वेळ नाही, तिचे दोन्ही हात धरून एवढंच सांगण्यापुरती की यांना कधी काही झालंच नव्हतं.